सेटमधला क्रम आणि यादीतली चौथी मुलगी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत जी लेखमाला सुरू आहे, तिची कात्रणं मी पहिल्या भागापासून जपून ठेवते आहे. हा विषय कुणीतरी मराठीतून नीट मांडावा असं मला फार वर्षांपासून वाटत होतं. म्हणूनच गेल्या भागातल्या चौकटीबद्दल लिहायला बसले. चौकटीत छापलं होतं: ‘लिस्टला क्रम असतो, सेटला नसतो. क्रम हवा असेल तर लिस्ट वापरावी, एकच गोष्ट दोनदा यायला नको असेल तर सेट वापरावा.’ मी चोवीस वर्षं नोंदी ठेवणारे प्रोग्रॅम लिहिते आहे. नेमकी हीच विभागणी डोक्यात ठेवून मी एकदा काम केलं होतं, आणि त्याचा त्रास एका अठरा वर्षांच्या मुलीला झाला.

लिस्ट म्हणजे यादी आणि सेट म्हणजे संच, तेव्हा चौकटीतलं वाक्य शाळेतल्या गणिताला धरून आहे, हे मान्य. घटक कोणत्याही क्रमाने लिहिले तरी संच तोच राहतो आणि एक घटक दोनदा लिहायचा नसतो, हे आपण सगळेच शिकलो. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला रोज जे लागतं ते पुष्कळदा या दोन्हींच्या मधलं असतं. एक नाव एकदाच हवं, नावं ठरलेल्या क्रमाने हवीत, आणि ‘सतरावं कोण?’ किंवा ‘हिचा नंबर कितवा?’ असं विचारलं की लगेच उत्तर हवं. प्रतीक्षा यादी, गुणवत्ता यादी, खेळातली क्रमवारी, अशी कितीतरी कामं याच साच्यातली आहेत. क्रम असलेला आणि इंडेक्सने, म्हणजे जागेच्या क्रमांकावरून, घटक मिळवता येणारा सेट ही या कामाची खरी रचना. ती बनवताना काय काय ठरवावं लागतं, त्यावरच मला सांगायचं आहे.

माझं काम एका वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीचं होतं. मुलीने अर्ज भरला की तिचं नाव यादीच्या शेवटी जायचं, खोली रिकामी झाली की वरच्या मुलीला पत्र जायचं, आणि कुणालाही स्वतःचा अर्ज क्रमांक घालून आपला नंबर पाहता यायचा. मी दोन गोष्टी एकत्र बांधल्या. सलग कप्प्यांच्या रांगेत अर्ज आले त्या क्रमाने ठेवणारा एक अ‍ॅरे, आणि ‘हा अर्ज क्रमांक अ‍ॅरेत कोणत्या जागेवर आहे’ हे सांगणारं एक हॅश टेबल. हॅश टेबल म्हणजे अर्ज क्रमांकावर ठरलेली आकडेमोड करायची आणि येणाऱ्या उत्तरावरून थेट त्या कप्प्यात बघायचं, सगळी यादी चाळत बसायचं नाही. ही जोडी उत्तम असते. नाव आहे का, हे एका फटक्यात कळतं. कितवं आहे, हेही तिथेच कळतं. सतरावं कोण, हे अ‍ॅरे सांगतो.

अडचण येते ती नाव काढताना. अ‍ॅरेतलं मधलं एक नाव काढलं की मागच्या सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवावं लागतं. शिवाय हॅश टेबलात प्रत्येकीपुढे तिची जागा लिहिलेली असते, तीही प्रत्येकीची बदलावी लागते. हे टाळायची एक जुनी युक्ती आहे: काढलेल्या नावाच्या जागी शेवटचं नाव आणून ठेवायचं. यादी कितीही मोठी असली तरी दोनच नोंदींना हात लागतो. मी ती युक्ती वापरली आणि फंक्शनला, म्हणजे ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला, नुसतं ‘काढा’ असं नाव दिलं. माझ्या डोक्यात सेट होता, आणि सेटमध्ये क्रम महत्त्वाचा नसतो असं मी शिकले होते.

यादीत 640 नावं होती. तिसऱ्या मुलीने अर्ज मागे घेतला. प्रोग्रॅमने 640 वं नाव उचलून तिसऱ्या जागी ठेवलं. चौथी चौथीच राहिली. त्या आठवड्यात तीन खोल्या रिकाम्या झाल्या आणि तीन पत्रं गेली.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो चौथीचा. आवाज चढलेला नव्हता, पण ती एकेक शब्द तोलून बोलत होती. ‘मॅडम, तिसऱ्या नंबरवर माझी मैत्रीण होती. तिने नाव काढलं, हे तिनेच मला सांगितलं. मग माझा नंबर अजून चौथा कसा?’ मी पडद्यावर यादी उघडली आणि तिसऱ्या ओळीवर दोन दिवसांपूर्वी आलेला अर्ज दिसला. जिला फायदा झाला होता तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं. आपला नंबर लवकर लागला, एवढंच तिला कळलं असणार. मग सगळ्या नोंदी तपासल्या. त्या महिन्यात अकरा अर्ज मागे घेतले गेले होते, म्हणजे अकरा वेळा तळाचं नाव वर आलं होतं. प्रत्येक अर्जाची तारीख आणि वेळ वेगळी साठवलेली होती म्हणून मूळ क्रम परत लावता आला. 640 व्या मुलीला गेलेलं पत्र मागे घ्यावं लागलं. चौथीला खोली मिळाली, पण नऊ दिवस उशिरा. त्या नऊ दिवसांत ती रोज तीन तासांचा प्रवास करून वर्गात येत होती.

दुरुस्ती एका तासाची होती. शेवटचं नाव आणून ठेवणं बंद केलं आणि मागची 637 नावं एकेक जागा पुढे सरकवली. एवढ्या यादीला संगणकाला लागणारा वेळ माणसाच्या लक्षातही येत नाही. जिथे वेग लागतच नव्हता तिथे वेग मिळवण्यासाठी मी क्रम सोडून दिला होता.

तेव्हापासून माझं एक ठाम मत आहे. जो सेट इंडेक्स देतो तो वापरणाऱ्याला एक वचन देतो, आणि एखादा घटक निघून गेल्यावर बाकीच्यांच्या नंबराचं काय होतं, हे त्या फंक्शनच्या नावातच लिहिलेलं असलं पाहिजे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या इंडेक्समॅप या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संग्रहातल्या) इंडेक्ससेटने नेमकं हे केलं आहे. तिथे स्वॅप-रिमूव्ह आणि शिफ्ट-रिमूव्ह अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. एक शेवटच्याला आणून ठेवतं, दुसरं सगळ्यांना सरकवतं. नुसतं रिमूव्ह हे नाव आधी होतं, पण त्याने क्रम बिघडतो असा इशारा देऊन ते वापरू नका असं आता सांगितलं जातं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

तिसरा मार्गही आहे: घटक काढायचा आणि त्याची जागा मोकळी सोडायची. पायथन भाषेच्या डिक्शनरीत, म्हणजे प्रत्येक नावापुढे त्याची माहिती ठेवणाऱ्या रचनेत, असंच होतं. पायथन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर यांनी डिसेंबर 2012 मध्ये सुचवलं की नोंदी आल्या त्या क्रमाने एका दाट तक्त्यात ठेवाव्यात आणि हॅश टेबलात फक्त त्यांचे जागा-क्रमांक असावेत. त्यामागचा हेतू मेमरी वाचवण्याचा होता, क्रम त्यासोबत आपोआप आला. 2018 मध्ये आलेल्या पायथन 3.7 पासून हा क्रम भाषेची हमी झाला. पण मधल्या मोकळ्या जागांमुळे ‘सतरावी नोंद’ म्हणजे सतरावा कप्पा असं तिथे म्हणता येत नाही, मोजत जावं लागतं. म्हणजे क्रम आहे, इंडेक्स नाही. आणि त्याच पायथनमधल्या सेटला मात्र अजूनही क्रमाची हमी नाही. शिकणाऱ्याने डिक्शनरीवरून सेटचा अंदाज बांधला तर तो फसतो.

इथवर मी ‘क्रम’ हा शब्द आल्या क्रमाने अशा अर्थाने वापरला. गुणवत्ता यादीतला क्रम वेगळा असतो. तिथे उशिरा आलेल्या मुलीचे गुण जास्त असले तर तिने वर जायलाच हवं. इंग्रजीत पहिल्याला ऑर्डर्ड आणि दुसऱ्याला सॉर्टेड म्हणायची पद्धत पडली आहे, पण ती सगळे पाळत नाहीत. मराठीत आपण ‘आगमनक्रम’ आणि ‘मूल्यक्रम’ असे दोन शब्द ठेवले तर अर्धा गोंधळ मिटेल. आपल्या लेखकांनी ते वापरून पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

मूल्यक्रम ठेवायला बहुधा ट्री वापरतात, म्हणजे वरून खाली फांद्या फुटत जाणारी रचना. तिच्यातल्या प्रत्येक घटकाच्या जागेला नोड म्हणतात. प्रत्येक नोडच्या डावीकडे त्याच्याहून लहान, उजवीकडे त्याच्याहून मोठे. अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी 1962 मध्ये असा ट्री आपोआप समतोल ठेवण्याची रीत दिली. समतोल ट्रीत दहा लाख घटक असले तरी हवा तो घटक साधारण वीस पायऱ्यांत सापडतो. मात्र नुसत्या ट्रीला ‘सहावा कोण?’ हे पटकन सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक नोडमध्ये एक जादा आकडा ठेवायचा: माझ्यासकट माझ्या खाली किती जण आहेत. मला ही कल्पना इतकी आवडते की इथे ती करूनच दाखवते.

समजा 20, 30, 40, 50, 60, 70, 80 असे सात आकडे आहेत. वर 50. त्याच्या डावीकडे 30, आणि 30 च्या खाली 20 व 40. उजवीकडे 70, आणि 70 च्या खाली 60 व 80. आता सहावा शोधायचा आहे. 50 पाशी उभं राहून डावीकडचा आकडा वाचायचा: तीन. म्हणजे 50 स्वतः चौथा. चार जण मागे पडले, तेव्हा उजवीकडच्या भागातला दुसरा हवा. 70 पाशी गेलो, त्याच्या डावीकडे एक, म्हणजे 70 च दुसरा. सापडला. उलट प्रश्नही तितकाच सोपा. 60 कितवा? 50 हून मोठा, म्हणजे चार मागे पडले. 70 हून लहान, म्हणजे डावीकडे वळायचं आणि काही मिळवायचं नाही. 60 च्या डावीकडे कुणी नाही, म्हणून तो पाचवा. घटक घातला किंवा काढला की वरपासून खालपर्यंतच्या वाटेवरचे आकडे एकाने बदलायचे, आणि समतोल साधताना ज्या नोडची जागा बदलते त्यांचे आकडे नव्याने मांडायचे. एवढंच काम.

एवढ्या थोड्या खर्चात मिळणारी ही सोय पुष्कळ भाषांनी दिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. जावामधला ट्रीसेट मूल्यक्रम ठेवतो, पण सतरावा घटक थेट देत नाही. सप्टेंबर 2023 मधल्या जावा 21 ने क्रम असलेल्या सेटसाठी नवा इंटरफेस, म्हणजे ठरावीक फंक्शन्सचा करार, आणला. त्यात पहिला मागता येतो, शेवटचा मागता येतो, उलट्या क्रमाने फिरता येतं, पण इंडेक्स तिथेही नाही. सी प्लस प्लसच्या प्रमाणित सेटमध्येही तो नाही. जीएनयूच्या कंपायलरसोबत (प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत नेणाऱ्या साधनासोबत) एक वेगळी जोड मिळते, तिच्यात मात्र क्रमांकावरून घटक आणि घटकावरून क्रमांक दोन्ही मिळतात. हास्केल भाषेची गोष्ट छान आहे. तिथला सेट समतोल राखण्यासाठीच प्रत्येक नोडखालची संख्या साठवतो, त्यामुळे इंडेक्स जवळजवळ फुकटच मिळाला. आणि रेडिस या डेटाबेसमधले सॉर्टेड सेट ट्री वापरतच नाहीत. विल्यम प्यू यांनी मांडलेली स्किप लिस्ट, म्हणजे लांब-आखूड उड्या मारत शोधता येणारी साखळी, आणि सोबत हॅश टेबल अशी त्यांची बांधणी आहे. स्किप लिस्टमधली प्रत्येक लांब उडी किती घटक ओलांडते हे तिथे लिहून ठेवलेलं असतं, म्हणून एखाद्याचा क्रमांक विचारला की उड्यांची बेरीज करून उत्तर येतं. नोडखालची संख्या काय किंवा उडीची लांबी काय, मोजून ठेवलेला एक आकडा, एवढाच सगळा फरक.

मूल्यक्रमाच्या सेटबद्दल एक धोका आपल्या लेखमालेत यायलाच हवा. गुणांवरून लावलेल्या सेटमध्ये दोन मुलींना सारखेच गुण असले तर काय? तुलना फक्त गुणांची केली, तर सेटला त्या दोघी एकच वाटतात आणि दुसरी मुलगी आतच जात नाही. एरर येत नाही, इशारा येत नाही, यादीत एक नाव कमी असतं. म्हणून तुलनेत गुणांच्या पाठोपाठ अर्ज क्रमांक घालायचाच. तसंच, सेटमध्ये बसलेल्या मुलीचे गुण फेरतपासणीत बदलले तर तिथल्या तिथे आकडा बदलायचा नाही. आधी तिला बाहेर काढायचं, गुण बदलायचे, मग परत घालायचं. नाहीतर ट्री तिला एका बाजूला शोधतो आणि ती बसलेली असते दुसऱ्या बाजूला. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी हे दोन्ही प्रकार पहिल्याच आठवड्यात मुद्दाम करवून घेते. वाचून ते पटत नाही, नाव गायब झालेलं डोळ्यांनी पाहिलं की पटतं.

कंसात आकडा दिला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्नही सोपा नाही. सेटमधले घटक स्वतःच आकडे असतील, जसे माझे अर्ज क्रमांक, तर ‘17 काढा’ याचा अर्थ काय? सतराव्या जागेवरचा अर्ज की 17 क्रमांकाचा अर्ज? जावाच्या लिस्टमध्ये हा घोळ आजही आहे. रिमूव्ह या एकाच नावाची दोन रूपं आहेत, साधा पूर्णांक दिला की जागेवरचा घटक जातो आणि वस्तू म्हणून गुंडाळलेला पूर्णांक दिला की त्या मूल्याचा घटक जातो. वाचणाऱ्याच्या नजरेला दोन्ही ओळी जवळजवळ सारख्याच दिसतात. नवीन रचना बनवणाऱ्याने इथे दोन वेगळी नावं द्यावीत, दहा अक्षरं जास्त टाइप करावी लागली तरी चालेल.

आणि तिसऱ्या जागी नवा घटक लिहू द्यायचा का? लिस्टमध्ये हे रोजचंच. पण सेटमध्ये तोच घटक आधीच नवव्या जागी असेल तर? स्विफ्ट भाषेसाठी 2021 मध्ये आलेल्या ऑर्डर्डसेटने यावर स्पष्ट भूमिका घेतली: इंडेक्सने वाचता येईल, इंडेक्सवर थेट दुसराच घटक लिहिता येणार नाही, कारण घटक एकदाच असण्याची हमी त्याने मोडते. मला ही भूमिका बरोबर वाटते.

सारखेपणाचा मुद्दा तर रचना बनवणाऱ्यांमध्येही वादाचा आहे. एका सेटमध्ये आधी अ मग ब, दुसऱ्यात आधी ब मग अ. दोन्ही सारखे का? सेट म्हणून हो, रांग म्हणून नाही. जावामधला आगमनक्रम ठेवणारा सेट क्रमाकडे बघत नाही. स्विफ्टचा बघतो, आणि क्रम सोडून तुलना करायची असेल तर ती वेगळी मागावी लागते. पायथनच्या ऑर्डर्डडिक्ट या क्रम सांभाळणाऱ्या डिक्शनरीने मधला रस्ता काढला: दोन ऑर्डर्डडिक्टची तुलना करताना क्रम बघायचा, साध्या डिक्शनरीशी तुलना करताना बघायचा नाही. त्यामुळे पहिला ऑर्डर्डडिक्ट साध्या डिक्शनरीसारखा, तीच साधी डिक्शनरी दुसऱ्या ऑर्डर्डडिक्टसारखी, पण पहिला आणि दुसरा एकमेकांसारखे नाहीत, असं घडू शकतं. हे मला पटत नाही. तुलनेचे दोन अर्थ असतील तर दोन फंक्शन्स असावीत.

आधीच असलेला घटक पुन्हा घातला तर त्याने जुनी जागा ठेवावी की शेवटी जावं? जावास्क्रिप्टचा सेट जुनी जागा ठेवतो, आणि काढून पुन्हा घातला तर घटक शेवटी जातो. प्रतीक्षा यादीला हे चपखल बसतं. एखादीने घाबरून दोनदा अर्ज भरला म्हणून ती मागे जाता कामा नये. नाव काढून घेतलेली मुलगी महिन्याने परत आली तर तिने शेवटी उभं राहावं.

आता विनंती. पुढच्या भागात चौकट पुन्हा छापावी आणि ‘सेटला क्रम नसतो’ याऐवजी कोणत्या भाषेतला कोणता सेट कोणता क्रम ठेवतो, तो इंडेक्स देतो का, आणि घटक काढल्यावर बाकीच्यांचे नंबर बदलतात का, असे तीन रकाने करावेत. जागा कमी पडत असेल तर पहिले दोन गाळा, तिसरा ठेवा. लेखकांना हवा असल्यास प्रतीक्षा यादीचा तो प्रोग्रॅम, चुकीच्या आणि दुरुस्त अशा दोन्ही रूपांत, मी आपल्या कार्यालयाकडे पाठवीन. दोन्ही मिळून शंभर ओळींच्या आतच आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक
(एक प्रोग्रॅमर)